गावात सायबरपंक सिनेमा दाखवायचा आहे? मग हे आधी वाचा

वणी, मारेगाव, झरी, राजुरा, कोरपना या यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात कापूस आणि कोळसा शेजारी शेजारी निघतो. बांधाच्या अलीकडे वेचणीच्या बाया, पलीकडे खाणीचे डंपर. अशा गावात सायबरपंक, म्हणजे भविष्यातल्या यंत्रमय शहरांचे सिनेमे दाखवायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: आपल्या लोकांना यात काय समजणार? आम्ही काही मित्र हिवाळ्यात हे सिनेमे दाखवत आलो आहोत, आणि आमचा अनुभव असा की शहरातल्या प्रेक्षकाला जे समजावून सांगावं लागतं ते इथे सांगावं लागत नाही. यंत्र एकाच्या मालकीचं आणि अंग दुसऱ्याचं झिजतं, या एका गोष्टीभोवती हा सगळा सिनेमा फिरतो. ती गोष्ट आपल्या गावाला पाठ आहे.

अडचणी येतात त्या वेगळ्याच. परवानगी कोणाची घ्यायची, लाईन गेली तर काय, पडद्यावर काळोखच का दिसतो, इंग्रजी-जपानी संवादांचं काय करायचं. तुम्ही पहिल्यांदाच हे करणार असाल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने वाचा.

१. आधी स्वतः पाहा, वही घेऊन

सायबरपंक हे नाव १९८३ साली छापून आलेल्या ब्रूस बेथकीच्या एका कथेचं. १९८४ मध्ये विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' ही कादंबरी आली आणि या पद्धतीच्या गोष्टींना तेच नाव चिकटलं. 'ब्लेड रनर' हा सिनेमा मात्र त्याआधीच, १९८२ मध्ये येऊन गेला होता. इतिहास एवढा पुरे. प्रेक्षकांसमोर तर याहून कमी सांगा.

स्वतः पाहताना वहीत दोनच प्रश्नांची उत्तरं लिहीत चला. या सिनेमातलं यंत्र कोणाच्या मालकीचं आहे? आणि ते कोणाची तपासणी करतं? पुढे गप्पांना सुरुवात करताना हीच वही कामी येते. उडत्या गाड्या, निऑनचे फलक, यांत्रिक हात हे तर डोळ्यांत भरतंच, ते कोणाला दाखवून द्यावं लागत नाही.

एका बैठकीत जो सिनेमा तुम्हाला पुरता कळला नाही, तो लगेच दाखवू नका. पुन्हा पाहा. मध्येच थांबवून चार ओळी मराठीत सांगण्याची वेळ तुमच्यावर येणार आहे.

२. सिनेमांचा क्रम ठरवा

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा आहे. नवखे लोक बहुतेक वेळा सर्वांत गाजलेल्या सिनेमापासून सुरुवात करतात आणि अर्ध्या तासात सभामंडप रिकामा होतो. मी सांगतो तो क्रम आमच्या भागात जमला आहे. तुमच्या गावाप्रमाणे बदल करा.

पहिला खेळ: 'मेट्रोपोलिस'. फ्रिट्झ लँग यांचा हा जर्मन मूकपट जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. सायबरपंक हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता, पण पुढच्या सगळ्या शहरांचा हा आजोबा आहे. वर मालकांची बाग, खाली यंत्रं, त्याच्याही खाली मजुरांची वस्ती. एक संशोधक मजुरांच्या विश्वासातल्या मारियासारखं हुबेहूब दिसणारं यंत्र बनवतो आणि ते मजुरांना चिथावतं. यंत्रं फुटतात, पाणी शिरतं ते मजुरांच्याच वस्तीत, आणि लेकरं तिथेच असतात.

सुरुवातीलाच पाळी बदलण्याचं दृश्य आहे. मजुरांच्या दोन रांगा, एक आत जाणारी, एक बाहेर येणारी. बाहेर येणारी रांग निम्म्या गतीने चालते. कोळसा खाणीत काम केलेला माणूस प्रेक्षकांत असेल तर त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. त्याला निवेदनाची गरज पडत नाही.

सिनेमा मुका असल्यामुळे भाषेचा प्रश्नच येत नाही. मधल्या पाट्या कोणीतरी मोठ्याने मराठीत वाचायच्या. आणि संगीत आपलं वाजवायचं. गुरुदेव सेवा मंडळाचं भजनी मंडळ जवळपास प्रत्येक गावात आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरी यंत्राच्या ठोक्याला इतकी चपखल बसते की ऐकल्याशिवाय विश्वास बसणार नाही. आत जाणाऱ्या रांगेला एक लय, बाहेर येणाऱ्या रांगेला तीच लय निम्मी. वादकांना ते दृश्य आदल्या दिवशी दोनदा दाखवा, बाकी ते स्वतः सांभाळतात. जपानमध्ये मूकपटाशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी नावाचे कलावंत असत. आपल्याकडे कीर्तनकार आहेत, गोंधळी आहेत, वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टी रंगभूमीचे नट आहेत. त्यांच्यापैकी कोणी तयार झालं तर खेळाचं रूपच पालटतं.

एक लक्षात ठेवा. या सिनेमाची कापाकापी पहिल्याच वर्षी झाली. मग २००८ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेस इथे जवळपास पूर्ण प्रत सापडली, आणि तिच्या आधारे नीट केलेली सुमारे अडीच तासांची आवृत्ती २०१० मध्ये आली. ती तीन भागांत आहे. पहिल्या रात्री पहिला भाग, दुसऱ्या रात्री उरलेले दोन, अशी वाटणी करा.

दुसरा खेळ: 'स्लीप डीलर'. अ‍ॅलेक्स रिव्हेरा यांचा २००८ चा सिनेमा, लांबी दीड तास, भाषा स्पॅनिश आणि इंग्रजी. आपल्या गावांसाठी माझा सर्वांत आवडता. मेक्सिकोतल्या एका खेड्यातला मेमो हा पोरगा. गावच्या नदीवर कंपनीने धरण बांधलंय आणि बापलेकांना आपल्याच नदीचं पाणी पैसे टाकून पिशवीत भरून आणावं लागतं, समोर बंदूक लावलेला कॅमेरा. पुढे मेमो सरहद्दीवरच्या तिहुआना शहरात जातो. अंगात तारा जोडून घेतो आणि तिथल्या कारखान्यात बसून अमेरिकेतल्या इमारतीवरचा यंत्रमानव चालवतो. अमेरिकेला त्याची मेहनत मिळते, पण मजूर तिथे पोचत नाही.

आपल्याकडून पोरं पुण्याला, सुरतेला, हैदराबादला जातात. धरणाखाली जमीन गेलेली कुटुंबं जवळच्या गावात सापडतात. या सिनेमात ड्रोन आहे, आणि तो फवारणीचा नाही. आता गावोगावी बचत गटाच्या बाया फवारणीचा ड्रोन चालवायला शिकताहेत, तेव्हा या सिनेमानंतर ड्रोनवर बोलणं निघतंच. निघू द्या. ड्रोन चांगला की वाईट एवढ्यावर बोलणं अडकलं तर विचारा की त्याने काढलेलं शेताचं चित्र कोणाकडे जातं.

तिसरा खेळ: 'ब्लेड रनर'. रिडली स्कॉट, १९८२. फिलिप के. डिक यांच्या १९६८ च्या कादंबरीवर आधारलेला. नोव्हेंबर २०१९ मधलं लॉस एंजेलिस, सतत पाऊस, सतत रात्र. याच्या अनेक आवृत्त्या आहेत. १९८२ ला थिएटरात आली तिच्यात नायकाचं निवेदन वरून जोडलेलं आहे. २००७ ची 'फायनल कट' घ्या, जवळपास दोन तासांची आहे आणि दिग्दर्शकाच्या मनासारखी आहे.

पहिल्याच दृश्यात क्षितिजापर्यंत धुराडी आणि त्यांतून उसळणाऱ्या ज्वाळा दिसतात. स्कॉट यांचं तरुणपण इंग्लंडच्या ईशान्य भागात गेलं. तिथल्या टीसाइडच्या रसायन कारखान्यांचं रात्रीचं रूप त्यांच्या डोळ्यांत होतं, तेच या शहरात उतरलं. घुग्घुसवरून रात्री चंद्रपूरला गेलेल्या माणसाला हे चित्र नवं नाही. २,९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र आपल्या उशाशी आहे. म्हणून हा सिनेमा सुरू करताना आधी काही बोलू नका. ते पहिलं दृश्य तसंच जाऊ द्या.

दोन जागा प्रेक्षकांना आवर्जून दाखवा. पहिली, माणूस आणि बनवलेला माणूस ओळखायची तपासणी. समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि यंत्राने त्याच्या डोळ्याच्या बाहुलीकडे पाहायचं. दुसरी, सापाच्या खवल्याची. नायकाला एक खवला सापडतो, सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर बनवणाऱ्याचा क्रमांक निघतो. साप जिवंत दिसतो, वळवळतो, पण अंगावर क्रमांक आहे. आपल्याकडे बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर असतो, आणि उगवण झाली नाही तर तक्रारीला पाकीट, लेबल आणि बिल तिन्ही लागतात, हे ज्याच्या घरी शेती आहे त्याला माहीत आहे. संकरित कपाशीचं बी घरचं ठेवून चालत नाही, दरवर्षी विकत आणावं लागतं. सिनेमातल्या बनावट माणसांना चारच वर्षांचं आयुष्य दिलेलं असतं. हे सगळं एका वाक्यात जोडून सांगायचा मोह होईल, पण सांगू नका. पाकिटाची आठवण कोणीतरी स्वतःहून काढतं.

नंतरचे, फक्त मोठ्यांसाठी किंवा कॉलेजसाठी. 'घोस्ट इन द शेल', मामोरू ओशी, १९९५, जेमतेम दीड तासाचा. त्यात कचऱ्याच्या गाडीवरचा एक माणूस आपल्या बायको-पोरीबद्दल जीव तोडून बोलतो आणि मग कळतं की ती आठवण त्याच्या डोक्यात घातलेली आहे. फोटोत बायको नाही, पोरगी नाही. 'अकिरा', कात्सुहिरो ओतोमो, १९८८. 'मॅट्रिक्स', १९९९, पोरांना सर्वांत सोपा. 'नेपच्यून फ्रॉस्ट', २०२१, रवांडात चित्रित झालेला संगीतपट, कोल्टान हे खनिज खणणारे खाणकामगार आणि टाकाऊ संगणकांच्या भागांनी बांधलेली वस्ती. खाणपट्ट्यातल्या तरुणांना तो भिडतो.

धोक्याची सूचना: 'घोस्ट इन द शेल' आणि 'अकिरा' कार्टून आहेत म्हणून लहान पोरांना बसवू नका. पहिल्यात उघडी शरीरं आहेत, दुसऱ्यात रक्तपात. 'तेत्सुओ' हा १९८९ चा जपानी सिनेमा कितीही महत्त्वाचा असला तरी गावच्या खेळात नको.

३. परवानगी आणि कागद

सर्वांत मोठा गैरसमज: फुकट दाखवतोय, तिकीट नाही, मग परवानगी कशाला? तिकीट नसलं तरी सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते. ओटीटीचं सदस्यत्व घरी पाहण्यापुरतं असतं, ते सभामंडपात चालत नाही. पेनड्राइव्हवर फिरणारी प्रत तर मुळीच नाही.

सरळ रस्ता शाळा-कॉलेजातून जातो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून सिनेमा दाखवता येतो, मात्र प्रेक्षक शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच हवेत. गावात जिल्हा परिषदेची शाळा असेल तर पालकांत जवळपास अर्धं गाव येतं. त्यामुळे मुख्याध्यापकांना भेटा, शाळा व्यवस्थापन समितीत विषय ठेवा, ठराव घ्या. खेळ शाळेच्याच आवारात, शाळेच्याच नावाने करा.

चित्रपटावरचा हक्क आपल्या कायद्यात प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणून १९२७ चा मूळ 'मेट्रोपोलिस' आता मोकळा आहे. नव्या आवृत्त्यांवर चढवलेलं संगीत मात्र नवं असतं. आवाज बंद ठेवून आपलं भजनी मंडळ बसवलं की तोही प्रश्न मिटतो.

शाळेबाहेर, सर्वांसाठी उघडा खेळ करायचा असेल तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचं विचारा. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे सार्वजनिक खेळाला ते लागतं. मेलमध्ये तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षकसंख्या, तिकीट नाही, आणि मराठी उपशीर्षकं लावायची आहेत, हे पाचही मुद्दे लिहा. उत्तराला वेळ लागतो, म्हणून दिवाळीआधीच पाठवा. हे काम वर्षानुवर्षं करायचं मनात असेल तर फिल्म सोसायटी नोंदवा. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी जोडून घेता येतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे दरवाजेही सोसायटीला सोपे होतात. नोंदणीला किमान सात सदस्य लागतात.

हाताशी ठेवायचे कागद:

- शाळेचं किंवा कॉलेजचं पत्र आणि समितीच्या ठरावाची प्रत
- समाजमंदिर वापरणार असाल तर ग्रामपंचायतीचं नाहरकत
- पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच
- हक्कधारकाच्या परवानगीच्या मेलची छापील प्रत
- मूळ डिस्क आणि खरेदीची पावती

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहानंतर चालत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं स्पष्ट आहे. बंद सभागृहाला त्यातून सूट आहे, तरी शेजारी आजारी माणूस, बाळंतीण किंवा परीक्षेचं पोर नाही ना, हे विचारून घ्या.

४. तारीख आणि वेळ

कॅलेंडर नंतर पाहा, आधी शेत पाहा. ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी-मळणी, माणूस दमलेला, आणि प्रोजेक्टरच्या उजेडावर किड्यांचा थवा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, प्रोजेक्टर आपोआप बंद पडतो. फेब्रुवारी-मार्चात बोर्डाच्या परीक्षा. उरतात डिसेंबर आणि जानेवारी.

तेव्हाही कापसाची वेचणी चालू असते आणि गहू-हरभऱ्याला ओलीत. कृषिपंपांची लाईन आठवड्याने दिवसा-रात्री बदलते. ज्या आठवड्यात रात्रीची लाईन, त्या आठवड्यात पुरुष शेतावर असतात. म्हणून तारीख ठरवण्याआधी लाइनमनला विचारा: या आठवड्यात लाईन दिवसा की रात्री? बाजाराचा दिवस टाळा. झाडीपट्टीत राहत असाल तर जवळपासच्या गावात त्या रात्री नाटक नाही ना, तेही पाहा. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकासमोर कोणताच सिनेमा टिकत नाही.

वेचणीहून आलेली बाई सहा वाजता चुलीशी बसते. साडेसहाचा खेळ लावला तर बाया येणार नाहीत, आणि बाया नसतील तर चर्चेला धारच येत नाही. आठ वाजता सुरू करा, दहापर्यंत आटपा. अडीच तासांचे सिनेमे दोन रात्रीत वाटायचे ते म्हणूनच.

५. सामान

- प्रोजेक्टर: अंधाऱ्या खोलीत आठ फूट रुंद पडद्याला ३,००० लुमेन्स पुरतात. खोक्यावर नुसता मोठा आकडा असेल तर भुलू नका, 'एएनएसआय लुमेन्स' लिहिलंय का ते पाहा. बऱ्याच शाळांत प्रोजेक्टर कपाटात पडून असतो, आधी तिथे विचारा.
- पडदा: जाड पांढरा मांजरपाट दुहेरी शिवून, चारही बाजूंनी दोरीची शिवण. खालची कड जमिनीपासून चार फुटांवर.
- दोन स्पीकर आणि एक माईक
- लॅपटॉप, एचडीएमआय केबल, दुसरी सुटी केबल
- इन्व्हर्टर आणि भरलेली बॅटरी
- एक्स्टेंशन बोर्ड, चिकटपट्टी, टॉर्च, दऱ्या म्हणजे सतरंज्या

प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवायचा? त्याच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' दिलेला असतो. तो १.५ असेल तर आठ फुटी पडद्यासाठी बारा फूट. खोलीत तेवढी जागा आहे का, ते टेप लावून मोजा.

लाईनचं काय? घरगुती १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि छोटे स्पीकर मिळून दोन तास निघतात. पण लाईन जाताना इन्व्हर्टर बदलायला क्षणभर घेतो आणि तेवढ्यात प्रोजेक्टर बंद पडतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' असेल तर तो लावून ठेवा. दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना एकदम बंद झाला तर दिव्याचं आयुष्य कमी होतं. खेळ संपल्यावरही पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका.

कापूस साठवलेल्या गोदामात खेळ कधीच करू नका, जागा कितीही मोठी असली तरी. एक ठिणगी पुरते.

६. काळोखाची अडचण

हे कोणी सांगत नाही, म्हणून वेगळं लिहितो. सायबरपंक सिनेमा रात्रीचा असतो: काळी भिंत, काळा कोट, काळा पाऊस, मधेच एक निळी-गुलाबी रेघ. विनोदी सिनेमा चांदण्यातही दिसतो, हा दिसत नाही. अंगणात पौर्णिमेच्या रात्री लावाल तर पडद्यावर नुसते आवाज ऐकू येतील.

बंद खोली घ्या. खिडक्यांना ताडपत्री किंवा गोधड्या लावा. गोधड्यांनी टिनाखालचा आवाजाचा घुमाराही कमी होतो. उघड्यावरच करायचं तर अमावस्येच्या आसपासची रात्र धरा आणि समोरचा ग्रामपंचायतीचा हायमास्ट दिवा दोन तास बंद ठेवायला आधीच सांगून ठेवा.

आदल्या रात्री सिनेमातलं सर्वांत काळं दृश्य निवडून सर्वांत मागच्या जागेवरून पाहा. दिसत नसेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये टूल्स, मग इफेक्ट्स अँड फिल्टर्स, मग व्हिडिओ इफेक्ट्समध्ये जाऊन गॅमा थोडा वाढवा. ब्राइटनेस वाढवू नका, त्याने काळं राखाडी होतं आणि चित्राचा जीव जातो.

७. भाषा

मराठी उपशीर्षकं सर्वांत चांगली, पण मेहनतीची. 'सबटायटल एडिट' हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात एकेक ओळ मराठीत लिहिता येते. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा, नाहीतर पडद्यावर चौकोन उमटतात. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये फॉन्ट निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. वाक्यं छोटी ठेवा, आणि बोलीत लिहा. नायक पोलीस असला म्हणून त्याला शासकीय परिपत्रकाच्या भाषेत बोलायला लावू नका.

ज्यांना वाचता येत नाही किंवा चश्म्याविना दिसत नाही त्यांच्यासाठी निवेदक हवाच. दर पंधरा-वीस मिनिटांनी, एखादं दृश्य संपल्यावर, सिनेमा थांबवून अर्ध्या मिनिटात काय झालं ते सांगायचं. कोण कोणाच्या मागे लागलंय आणि का, एवढंच. पुढे काय होणार ते सांगायचं नाही. निवेदक तरुण पोरगी असेल तर बायकांकडून लगेच प्रश्न येतात. पुरुषांना माईक मिळाला की बोलणं लांबतं, असा माझा अनुभव आहे.

८. त्या रात्री

भाषणं, सत्कार, शाल-श्रीफळ करायचंच असेल तर खेळानंतर. आधी झालं तर नऊ वाजतात आणि 'ब्लेड रनर' अर्धाच राहतो. पाहुण्यांना तसं आधीच सांगून ठेवा, ते समजून घेतात.

पोरं पुढे दरीवर, बाया एका बाजूला दाराजवळ म्हणजे उठून जायला सोपं, म्हातारी माणसं मागे खुर्च्यांवर. उघड्यावर असाल तर पडद्यापासून लांब एक पांढरा दिवा लावा, किडे तिकडे जातात.

हमखास येणारा एक शेरा आहे: २०१९ तर गेलं, उडत्या गाड्या कुठायत? त्याला हसून उडवू नका, प्रश्न चांगला आहे. सांगा की त्या सिनेमात नायक बूथमध्ये जाऊन पैसे टाकून व्हिडिओ कॉल करतो. आज तोच कॉल आपण खाटेवर पडून करतो. काही गोष्टी आल्या, काही नाही आल्या. मग उलटा प्रश्न विचारा: ज्या आल्या, त्या कोणाच्या ताब्यात आहेत?

९. नंतरच्या गप्पा

दिवे लावल्या लावल्या 'कसा वाटला' विचारू नका. सगळे 'चांगला होता' म्हणून उठतात. त्याऐवजी एखादं दृश्य पुन्हा दोन मिनिटं लावा. 'ब्लेड रनर' नंतर आम्ही डोळ्याच्या तपासणीचं दृश्य पुन्हा लावतो.

आणि मग रेशन दुकानाचं बोलणं निघतं. वेचणीच्या हंगामात बोंडाच्या सुक्या टरफलांनी बायांच्या बोटांची टोकं चिरलेली असतात. ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवला की नकार येतो. मग पदराला पुसून पुन्हा अंगठा, मग दुसरं बोट, मग थुंकीने ओलं करून तेच बोट. मागे रांग. एका आजीने डोळ्याच्या तपासणीचं ते दृश्य पाहून सरळ सांगितलं होतं, "माह्या अंगठ्याले मशीन वयखतच नाई. दुकानवाला वयखते, गाव वयखते." बाजूच्या काकाजींनी विचारलं की मग सिनेमात तपासणीला बसलेल्या त्या पोरीलाही कोणी ओळखणारं असतं तर तपासणी लागली असती का? यावर पुढचा अर्धा तास सगळे बोलत होते. मी माईक बंद करून खाली बसलो.

'मेट्रोपोलिस' नंतर शेवटावर वाद होतो. मालक आणि मजूर यांचा हात मिळवून देऊन सिनेमा संपतो. खुद्द लँग यांनाही पुढे तो शेवट पटेनासा झाला होता. खाणीतल्या माणसांना तो पटतो का, हे विचारा आणि शांतपणे ऐका. युनियनमध्ये राहिलेला माणूस एक सांगेल, कंत्राटावरचा पोरगा दुसरंच सांगेल.

तरुण पोरांना अजून हवं असेल तर पुढच्या वेळी 'ब्लेड रनर २०४९' ठेवा. दनी व्हिलनव्ह यांचा, २०१७ चा. तो थेट शेतापासून सुरू होतो: प्लास्टिकच्या शेडमध्ये खाण्यासाठी अळ्या पोसणारा एकटा शेतकरी, बाहेर राखाडी माती, झाड मेलेलं. आणि सगळ्या जगाला खाऊ घालून मोठी झालेली एकच कंपनी. लांबी १६३ मिनिटं, म्हणजे पुन्हा दोन रात्री. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लावणार असाल तर शाळेला पत्र डिसेंबरातच द्या, कारण २६ जानेवारीच्या तयारीत सभामंडप मिळत नाही.